लेकरांकडे पाहून

‘लेकरांकडे पाहून दिवस काढ, माय.’ नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेली लेक आणि तिला हे सांगणारी तिची आई वऱ्हाडात गावोगाव भेटतात. सांगणारी दुष्ट नसते. तिनंही तिच्या आईकडून हेच ऐकलेलं असतं. घरात भाऊ-भावजयीचा संसार, दोन-तीन एकरांचं वावर, त्यातली संत्र्याची झाडं अर्धी वाळलेली. अशा घरात लेक आणि तिची दोन लेकरं कायमची कशी ठेवायची? मग चार दिवस ठेवून घ्यायचं, साडीचोळी करायची, जावयाला बोलावून चार माणसांसमोर समज द्यायची आणि लेकीला एसटीत बसवून द्यायचं. बापाचं छत्र राहिलं म्हणजे लेकरं उघड्यावर पडणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब.

हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे. ज्यांच्या नावानं बाई मार सोसते, त्या लेकरांचं त्याच घरात नेमकं काय होतं, हे गेल्या तीस-चाळीस वर्षांत डॉक्टरांनी, मानसतज्ज्ञांनी आणि बालवाडीच्या शिक्षकांनी बारकाईनं तपासलं आहे. बाईनं सोसलं म्हणून लेकरू वाचत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. मार तिच्या पाठीवर बसतो आणि पाहणाऱ्याच्या झोपेत, भुकेत, बोलण्यात, खेळण्यात उतरतो. लेकरू जितकं लहान तितका खोल.

वऱ्हाडातलं असंच एक गाव म्हणजे वरूड, अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोकाचं तालुक्याचं ठिकाण. पाठीशी सातपुडा, पलीकडं मध्य प्रदेशातलं पांढुर्णा आणि बैतूल. जवळच वर्धा जिल्हा, जिथं १९७५ पासून दारूबंदी आहे. इकडं ती नाही. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणायची पद्धत आहे, पण त्या नावात बागायतदाराची चिंता मावत नाही. जमिनीतलं पाणी उपसून उपसून बोअर शेकडो फूट खाली गेले. २०१९ च्या उन्हाळ्यात बागाच्या बागा वाळल्या. कधी आंबियाची फळगळ, कधी मृगाचा बहार फुटतच नाही. बांगलादेशनं आयातशुल्क वाढवत नेल्यापासून भावाचाही भरवसा उरला नाही. पैसा आला तर एकरकमी येतो, नाही तर वर्षभर येतच नाही. दिवाळी अंक वाचकाच्या हाती पडतो, तेव्हा इथं आंबियाची तोडणी सुरू असते आणि कुठल्या घरात काय भावानं सौदा झाला यावर त्या घरातल्या संध्याकाळी ठरत असतात.

हे सांगायचं कारण एवढंच, की तणाव खरा आहे. पण तणावातून हात उगारला जातो, हे स्पष्टीकरण मला पुरेसं वाटत नाही. व्यापाऱ्यानं भाव पाडला म्हणून व्यापाऱ्यावर कुणी हात उचलत नाही. बँकेच्या साहेबासमोर आवाज चढत नाही. तो हात घरी येईपर्यंत आवरता येतो आणि घरात, बायकोवरच सुटतो. दारूचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसतं, की नवरा वारंवार नशेत असेल तर मारहाणीचं प्रमाण कितीतरी वाढतं. पण थेंबही न घेणाऱ्या नवऱ्यांच्या बायकाही मार खातात, हेही त्याच आकड्यांत आहे. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २५.२ टक्के, म्हणजे चौघींत एक, नवऱ्याचा हिंसाचार अनुभवल्याचं सांगतात. देशाचा आकडा २९.३ टक्के आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडं तरी मदत मागितलेल्या बायका देशभरात जेमतेम १४ टक्के. या चौथ्या घरात पाळणा असतो, दप्तर असतं, लहान चपलांचे जोड असतात. त्या चपलांच्या मालकांची मोजणी आपल्याकडं कुणी करत नाही. २००६ मध्ये युनिसेफनं जगभराचा अंदाज बांधला होता, तेव्हा घरातली हिंसा पाहत वाढणाऱ्या मुलांची संख्या १३ कोटी ३० लाख ते २७ कोटी ५० लाख निघाली. अंदाजातल्या या दोन टोकांमधलं अंतरच सांगतं, की हे मोजणं किती अवघड आहे.

आता वरूड भागातल्या एका अंगणवाडीत जाऊ. पुढचं चित्र कुणा एका लेकराचं नाही. मारहाण पाहिलेल्या सहा वर्षांखालच्या मुलांविषयी जाणकारांनी पुन्हा पुन्हा जे नोंदवलं, ते इथल्या एका खोलीत एकत्र आणून ठेवलं आहे.

सकाळचे अकरा. मदतनीस खिचडीला फोडणी देते आहे. कोपऱ्यात चार-पाच पोरं घर-घर खेळत आहेत. एक मुलगी आई झालीय, तिनं कडुनिंबाची पानं पातेल्यात घालून भाजी मांडलीय. चार वर्षांचा एक मुलगा बाबा झालाय. तो बाहेरून आल्यासारखा येतो, पातेल्याला लाथ मारतो. ‘भाकर काहून नाई केली व?’ असं म्हणून आई झालेल्या मुलीचे केस धरतो. मुलगी किंचाळते. बाई धावत येतात. तेवढ्यात तो मुलगा भिंतीशी जाऊन, गुडघ्यांत डोकं घालून, दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेला असतो. एका मिनिटात त्यानं आधी बापाची भूमिका केली आणि मग स्वतःची. ‘हे पोट्टं लय मस्तीखोर हाय,’ असा शेरा मात्र पहिल्या भागाला मिळतो. दुसऱ्याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

त्याच खोलीत पाच वर्षांची एक मुलगी आहे. कधी रडत नाही, कधी मागत नाही. धाकट्या भावाला कडेवर घेऊन दाराजवळ बसते. बाहेर मोटारसायकल वाजली की मान वर करते, ऐकते, गाडी पुढं गेली की मान खाली. शहाणी मुलगी म्हणून तिचं सगळ्यांना कौतुक आहे. तिला रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांचे आवाज ओळखू येतात. त्यातला एक आवाज तिच्या घरचा आहे.

आणि अडीच वर्षांचा तो धाकटा. ‘आई’, ‘पानी’, ‘चिऊ’ म्हणायला लागला होता, मग थांबला. अंथरूण ओलं करणं सुटलं होतं, ते परत सुरू झालं. खाता खाता घास तोंडात धरून बसतो. आजीनं नजर काढली, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, शेजारच्या गावातल्या जाणत्याकडून दोरा आणला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांनी ‘बोलण्यात उशीर’ अशी नोंद करून पुढच्या तपासणीला पाठवायला सांगितलं. पथकानं आपलं काम नीट केलं. पण बोलणं कधी थांबलं आणि त्या सुमारास घरात काय घडलं, हे दोन प्रश्न एकाच वेळी कुणी विचारले नाहीत.

या तिघांत सगळ्यांना दिसतो तो पहिला, कारण तो इतरांना त्रास देतो. मला काळजी दुसरीची जास्त वाटते. मारणाऱ्या पोराची तक्रार तरी होते. गप्प लेकराला शाबासकी मिळते आणि त्याची भीती शाबासकीखाली झाकली जाते. सकाळी पोट दुखणं, झोपेत दचकणं, आईच्या पदराला धरून राहणं, आई अंघोळीला गेली तरी दाराबाहेर उभं राहणं, या सगळ्यांना घरात ‘लाडावलंय’ एवढंच उत्तर असतं.

‘लेकराइले काय समजते?’ हा मोठ्यांचा आवडता दिलासा. त्याच्या जोडीला दुसरा, ‘पोट्टे झोपले होते.’ दोन्ही खरे नाहीत. २०१३ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात सहा ते बारा महिन्यांच्या वीस बाळांवर एक अभ्यास झाला. बाळं गाढ झोपलेली असताना त्यांना एमआरआय यंत्रात ठेवून एका पुरुषाचा आवाज ऐकवला. वाक्यं अर्थहीन होती, फक्त सूर बदलत होता. कधी साधा, कधी आनंदी, कधी संतापलेला. ज्या घरांत आईबापांची भांडणं जास्त, त्या घरांतल्या बाळांचा मेंदू संतापलेल्या सुराला झोपेतही जास्त तीव्रतेनं उत्तर देत होता, आणि तेही ताण व भावना सांभाळणाऱ्या भागांत. ही मारहाणीची घरं म्हणून निवडलेली नव्हती. नुसत्या चढ्या आवाजाची ही नोंद. मग ताट आपटल्याच्या, बांगड्या फुटल्याच्या, डोकं भिंतीवर आदळल्याच्या आवाजाचं काय होत असेल, याचा अंदाज बांधायला यंत्र लागत नाही.

त्याआधी दोन वर्षं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एमन मॅक्रॉरी आणि सहकाऱ्यांनी घरातली हिंसा सोसलेली वीस मुलं आणि तशी पार्श्वभूमी नसलेली तेवीस मुलं तपासली. ही थोडी मोठी, बारा वर्षांच्या आसपासची होती. रागावलेले चेहरे दाखवल्यावर पहिल्या गटाच्या मेंदूतले धोक्याची दखल घेणारे भाग जास्त पेटत होते. असाच प्रकार युद्धावर जाऊन आलेल्या सैनिकांत आढळला होता. या मुलांना कुठलाही मानसिक आजार नव्हता, हे विशेष. म्हणजे वरवर सगळं ठीक होतं आणि आत पहारा चालू होता.

हा पहारा घरात उपयोगी असतो. बापाच्या पावलांवरून त्याची अवस्था ओळखणारं लेकरू वेळेवर पलंगाखाली शिरतं. पण तोच पहारा अंगणवाडीत, पुढं शाळेत आला की घोटाळा होतो. शेजारच्या मुलाचा चुकून लागलेला धक्का हल्ला वाटतो. बाईंचा जरा चढलेला आवाज धोका वाटतो. लक्ष फळ्याकडं नसतं, दाराकडं असतं. मग पहिलीत ‘लक्ष देत नाही’, दुसरीत ‘चंचल आहे’, तिसरीत ‘ढ आहे’ असे शिक्के बसत जातात.

तीन ते सहा या वयाची आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत क्रूर तीच. या वयाचं मूल भोवताली घडणाऱ्या बऱ्याच गोष्टींचं कारण स्वतःत शोधतं. ज्याँ पियाजेपासून अनेक बालमानसतज्ज्ञांनी हे सांगितलं आहे. मी दूध सांडलं म्हणून बाबांनी आईला मारलं. मी रडलो म्हणून भांडण झालं. हे लेकरू मोठ्यानं सांगत नाही. कुणी विचारतही नाही. मग ते आपल्या परीनं उपाय करतं. दूध पीत नाही, रडत नाही, हट्ट करत नाही. तरी मारहाण होतेच. आपण पुरेसे चांगले नाही, हा धडा त्याला अक्षरओळखीच्या आधी मिळतो.

लोक आणखी एक गोष्ट पुरावा म्हणून दाखवतात. रात्री बापानं आईला मारलं आणि सकाळी पोरगा त्याच बापाच्या गळ्यात पडून बाजारात निघाला, म्हणजे त्याला काही वाटलं नाही. वाटलेलं असतं. पण ज्याची भीती वाटते त्याच्यावरच माया करायची, हे त्या वयात दुसरं काही हाती नसल्यामुळं घडतं. बाप खाऊ आणतो, खांद्यावर बसवून पोळा दाखवायला नेतो, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून देतो. तो बाप खराच असतो. करीच्या दिवशी प्यायलेला बापही खरा असतो. सणाला इतर पोरं नव्या कपड्यांची वाट पाहतात. अशा घरातलं पोर सणाला संध्याकाळची धास्ती घेतं, कारण सण म्हणजे दारू, पाहुणे आणि मानापमान. दिवाळीच्या फराळाच्या ताटासमोर बसलेली सगळीच लेकरं खुश असतात, असं धरून चालू नये.

मारहाण पाहणारं लेकरू मोठं होऊन मारणाराच होतं, असंही एक मत आहे. त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण नाही. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी २०१४ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या नऊ हजारांवर पुरुषांशी बोलून एक अहवाल काढला. लहानपणी घरात हिंसा आणि भेदभाव पाहिलेले, सोसलेले पुरुष पुढं बायकोवर हात उगारण्याची शक्यता जास्त, असं त्यात दिसलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना एक प्रश्न असतो: तुमचे वडील तुमच्या आईला मारत होते का? ‘हो’ म्हणणाऱ्या बायका स्वतःही नवऱ्याचा मार खात असण्याचं प्रमाण बरंच जास्त निघतं. मुलगा मारायला शिकतो, मुलगी सोसायला शिकते, आणि दोघं एकाच अंथरुणावर झोपून शिकतात.

तरीही २००३ साली कॅथरिन किट्झमन यांनी अशा ११८ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा हिंसा पाहिलेल्या मुलांपैकी ६३ टक्के मुलांची अवस्था इतर सर्वसाधारण मुलापेक्षा वाईट निघाली. उरलेली ३७ टक्के तितकीच बरी किंवा जास्त बरी होती. हे ३७ टक्के माझ्या मनात घर करून आहेत. ही लेकरं जन्मतःच दगडासारखी नव्हती. त्यांच्या वाट्याला बहुधा एखादं न हलणारं माणूस आलेलं असतं. कधी आजी, कधी मावशी, कधी बालवाडीच्या बाई, आणि बऱ्याचदा स्वतःची आई, जिला वेळेत मारापासून सुटका मिळाली.

वऱ्हाडाच्या मातीत याचं मोठं उदाहरण आहे. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. १८७६ मध्ये अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावात जन्म. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथं आजोळच्या माणसांनी त्यांना ठेवून घेतलं. मामाच्या वावरात गुरं राखत, शेती करत तो मुलगा वाढला. पुढं मुलीच्या बारशाला मटण आणि दारूचा रिवाज मोडून त्यानं गोड जेवण घातलं आणि आयुष्यभर कीर्तनांतून दारूवर तुटून पडला. सखुबाई मार खाऊन आलेली नव्हती, विधवा होऊन आली होती. तो फरक आहे. पण दारूनं मोडलेल्या घरातलं पोर आणि दार उघडं ठेवणारं माहेर एवढ्या दोन गोष्टी त्या कथेत आहेत. दापुऱ्यानं त्या मायलेकरांना परत पाठवलं असतं, तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही.

आता आईबद्दल. मार खाणारी बाई लेकराकडं नीट पाहत नाही, तीच त्याला बडवते, असा आरोप सहज होतो. कधी ते घडतंही. रात्रभर न झोपलेली, अंग ठणकणारी, पुन्हा कधी सुरू होईल या धास्तीत वावरणारी बाई लेकराच्या हाकेला ओ देईलच असं नाही. तिला दोष देणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहता येत नाही म्हणून रागावणं. तिच्या अवस्थेचा लेकराच्या अन्नाशीही संबंध आहे. हार्वर्डमधल्या लेलँड अॅकर्सन आणि एस. व्ही. सुब्रमणियन यांनी भारताच्या १९९८-९९ च्या सर्वेक्षणाची आकडेवारी तपासून २००८ मध्ये दाखवलं, की वारंवार मारहाण होणाऱ्या बायकांत आणि त्यांच्या मुलांत रक्तक्षय आणि वजन कमी असणं जास्त आढळतं. महाराष्ट्रात एकात्मिक बालविकास योजनेची सुरुवात १९७५ मध्ये ज्या ठिकाणी झाली, त्यातलं एक आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं धारणी. पन्नास वर्षं आपण लेकराचं वजन करतोय. आता पोषण ट्रॅकर या मोबाइल अॅपमध्ये उंची, वजन, आहार सगळं भरलं जातं. वजन का वाढत नाही याचं एक कारण घरातली मारहाण असू शकतं, हे मात्र त्या मोबाइलमध्ये कुठंच भरता येत नाही.

कायद्याकडं वळलं की हेच दिसतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. चांगला कायदा आहे. बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्च, भरपाई, मुलांचा तात्पुरता ताबा, सगळं एका अर्जात मागता येतं. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, असं त्यात लिहिलं आहे. या कायद्यात संरक्षण अधिकाऱ्यानं भरायचा ‘घरगुती घटना अहवाल’ असतो. तो नमुना समोर ठेवून वाचावा. थप्पड, लाथ, चावणं, ढकलणं, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, हुंड्यावरून अपमान, बाईला किंवा तिच्या ताब्यातल्या मुलाला शाळेत जाऊ न देणं, मुलांच्या पोटाला पैसे न देणं. एकेक गोष्ट खूण करण्यासाठी मांडलेली आहे. मुलांसाठी वेगळी जागा आहे. संख्या, नाव, वय, लिंग, सध्या कुणाकडं राहतं. त्या मुलानं काय पाहिलं, काय ऐकलं, यासाठी मात्र वेगळा रकाना नाही. अहवालात लेकरू हजर आहे आणि त्याची साक्ष गैरहजर.

ब्रिटननं २०२१ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ही फट बुजवली. घरातली हिंसा पाहणारं, ऐकणारं किंवा तिचे परिणाम भोगणारं मूल स्वतःच पीडित आहे, असं त्यांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं. आपल्याकडं बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमात मुलाला अकारण मानसिक यातना होतील असं वागणाऱ्या सांभाळकर्त्याला शिक्षा आहे. पण आईला मारणं ही लेकराला दिलेली यातना आहे, असा सरळ उल्लेख तिथं नाही. तो असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

गावपातळीवरची गोष्ट आणखी नाजूक. २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. अनेक बांधाचे, वाटणीचे तंटे तिच्यामुळं मिटले, हे मान्य करायला हवं. पण नवरा-बायकोच्या मारहाणीला ‘तंटा’ मानून तो मिटवायला बसलं, की मिटतो तो बाईचा आवाज. नवरा चार लोकांत ‘पुन्हा करणार नाही’ म्हणतो, कागदावर सही होते, बाई घरी जाते. त्या बैठकीत लेकरांचा उल्लेख एकदाच येतो, तोही बाईला वाकवण्यासाठी: लेकरांकडे पाहा. लेकरांकडं खरंच कुणी पाहिलं असतं, तर कागदावर वेगळंच लिहिलं गेलं असतं.

उपाय आहेत का? आहेत. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अॅलिसिया लीबरमन आणि पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न यांनी तीन ते पाच वर्षांची, बापाची मारहाण पाहिलेली ७५ मुलं आणि त्यांच्या आया यांच्यावर केलेल्या कामाचा निष्कर्ष २००५ मध्ये मांडला. आई आणि मूल यांना एकत्र बसवायचं, आठवड्यातून एकदा, जवळपास वर्षभर. मूल खेळतं, खेळात जे येतं त्याला आईच्या तोंडून शब्द मिळतात. ‘तेव्हा तुला फार भीती वाटली ना? मलाही वाटली. तुझी चूक नव्हती.’ या मुलांचं वागणं आणि भेदरलेपण दोन्ही इतर उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं. सहा महिन्यांनी पाहिलं तरी ती सुधारणा टिकून होती. पण यातली पहिली पायरी मारहाण थांबणं, आई सुरक्षित होणं ही आहे. रात्री तेच घडत असताना दिवसा खेळ घेऊन फार काही साधत नाही.

वरूडला लीबरमनबाई कुठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. अमरावती इथून नव्वद-एक किलोमीटर, आणि लेकराच्या मनासाठी तिथं जायचं, ही कल्पनाच बहुतेकांना परकी. पण याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, त्याचा निकाल २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात आला. शेतकरी आत्महत्यांच्या छायेतल्या या गावांत स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर नैराश्याबद्दल बोलतं केलं. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. हा प्रकल्प मारहाणीसाठी नव्हता. पण वऱ्हाडातला माणूस मनातलं बोलत नाही, हा समज त्यानं खोटा ठरवला. गावातलंच माणूस, थोडं शिकवलेलं, वारंवार येणारं असलं की लोक बोलतात.

असं माणूस प्रत्येक गावात आहे. अंगणवाडी सेविका. रोज चार तास ती त्या लेकरांसोबत असते. कोण जेवत नाही, कोण दचकतं, कोण चित्रात आईला हातच काढत नाही, हे तिला तालुक्यातल्या कुठल्याही डॉक्टरच्या आधी कळतं. तिच्यावर आणखी एक रजिस्टर लादा असं मी म्हणत नाही. मानधनावर राबणाऱ्या या बायकांनी आधीच पुरेसं ओझं वाहिलंय, डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना संपावर बसावं लागलं ते उगाच नाही. आणि मारणारा नवरा तिच्याच गल्लीत राहतो, कधी तिचा दीर-भासरा लागतो, हेही खरं. म्हणून तिला दोन गोष्टी द्यायला हव्यात. एक, शिकवणूक: मारकुट्या पोराला शिक्षा करायची नाही, त्याला जवळ बसवायचं; लेकराला ‘बाबा काय करतात?’ असं खोदून विचारायचं नाही, ते स्वतःहून बोललं तर ऐकायचं आणि ‘तुझी चूक नाही’ एवढं सांगायचं. जेवण, गाणं, झोप यांच्या वेळा शक्यतो मोडू द्यायच्या नाहीत, कारण अशा लेकराच्या दिवसात ठरलेलं असं तेवढंच असतं. दोन, पाठबळ: आईशी एकांतात बोलल्यावर पुढं कुणाकडं पाठवायचं ते माहीत असणं, आणि तिचं नाव कुठंही बाहेर न येणं. गावच्या ग्राम बाल संरक्षण समितीची ती सदस्य सचिव असते. ही समिती कागदावरून बैठकीत यावी, हे सरपंचाच्या हातात आहे.

बापांशीही कुणीतरी बोलायला हवं. कोपऱ्यात कानांवर हात ठेवून बसलेलं लेकरू तो स्वतः तीस वर्षांपूर्वी होता, हे अनेकांच्या बाबतीत खरं असतं. त्यामुळं त्याला माफी मिळत नाही. पण हे त्याला आठवून दिलं, तर एखादा हात थांबू शकतो. आपल्या मुलाचं घर-घर खेळणं एकदा बापानं दाराआडून पाहावं. पोलिसांची समज, पंचांची समज झाली. ही समज अजून कुणी दिलेली नाही.

वाचकांकडं एक मागणं आहे. या दिवाळीत तुमच्या घरी माहेरवाशीण येईल, शेजारी येईल, कामाला येणारी ताई येईल. त्यांच्यातल्या कुणी मनगटावरचा वळ झाकला, तर ‘लेकरांकडे पाहून सहन कर’ हे वाक्य तोंडातून बाहेर पडू देऊ नका. लेकरं रात्री कुठं झोपतात, झोपेत दचकतात का, हे विचारा. तिला आणि लेकरांना आठ-पंधरा दिवस बिनबोभाट राहता येईल अशी एक खोली द्या, नसेल तर हिंसा सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या अमरावतीच्या सखी केंद्राची वाट दाखवा. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२, मनाच्या दुखण्यासाठी १४४१६. हे चार आकडे अंगणवाडीच्या भिंतीवर, किराणा दुकानाच्या दारावर, संत्रा मंडीतल्या अडत्याच्या फळ्यावर लिहायला एक रंगाचा डबा पुरतो. तो डबा या दिवाळीत आणा.